परत न गेलेले डबे

काळजी करायचा वेगळा पगार मिळत असता, तर सिंधु मॅडमनं लातुरात बंगला बांधला असता. मी हे त्यांच्या तोंडावर म्हणायचो. त्या हसायच्या नाहीत. "सर, वरच्या टाकीचं झाकण लावलंय का बघितलं का तुम्ही?" असं विचारायच्या. आता मी शिवमूर्ती, पीटीचा मास्तर, शिट्टी फुंकणारा माणूस. टाकीचं झाकण हे काय माझं खातं आहे का? पण त्यांनी विचारलं की मी मुकाट्यानं जिना चढून बघून यायचो. झाकण लावलेलंच असायचं. खाली येऊन मी चिडायचो, त्या "बरं झालं" म्हणायच्या.

आता त्या नांदेडला असतात, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. फोन केला की अजून आधी माझ्या बीपीच्या गोळीचं विचारतात, मग नमस्कार. माणूस बदलत नाही बघा. पण ही गोष्ट त्यांच्या तरुणपणची आहे, लातूर नुकताच जिल्हा झालेला तेव्हाची.

सिंधु सोनकांबळे, किनवटकडच्या जंगलातल्या एका खेड्याच्या. बाप लहानपणीच गेला. आई सरजाबाई रोजानं जायची, कधी तेंदूपत्ता, कधी रस्त्याची खडी. बाबासाहेबांचा फोटो भिंतीला आणि शिकायचं एवढंच डोक्यात, असं घर. तिसरीत असताना आईनं हाताला धरून किनवटच्या वसतिगृहात नेऊन सोडलं, ती पोरगी पुढं नांदेडला एम.ए. होईपर्यंत वसतिगृहातच वाढली. "घर मी सुट्टीत पाहिलं सर," असं त्या सहज सांगायच्या, आपण अमका सिनेमा सुट्टीत पाहिला म्हणतो तसं. आमच्याकडं त्या इतिहास शिकवायला आल्या आणि पहिल्याच वर्षी पोरींच्या वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्या गळ्यात पडली. बाईमाणूस, एकटी, वसतिगृहातच राहायला तयार. दुसरं कुणी घेणार होतं का ते?

जिल्हा झाला त्या साली लातुरात नुसती दिवाळी होती. कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या. उस्मानाबादला खेटे घालायचे संपले म्हणून माझ्या चुलत्यानं गल्लीत पेढे वाटले. भाडी वाढली, कॉलेजं भरली. औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर, जिकडून तिकडून पोरंपोरी शिकायला यायला लागल्या. आणि पुढं दोन-तीन वर्षांतच पावसानं डोळे वटारले. मिरवून झालं होतं, आता घागरी घेऊन रांगेत उभं राहायचं आलं.

आमच्या पोरींचं वसतिगृह म्हणजे एका अडत्याचं भाड्यानं घेतलेलं दुमजली घर. खोल्या होत्या, मेस नव्हती. मेसची गरजच पडली नव्हती, कारण पोरींचा डबा एस.टी.नं यायचा. माय पहाटे उठून भाकरी थापणार, डबा फडक्यात बांधणार, बाप नाहीतर भाऊ फाट्यावर जाऊन सकाळच्या गाडीत ठेवणार. कंडक्टर कधी पैसे मागायचा नाही, त्याचंही कुणीतरी कुठंतरी शिकत असायचं. स्टँडवर पोरी आपापला डबा उतरवून घ्यायच्या आणि संध्याकाळच्या परतीच्या गाडीत रिकामा डबा ठेवून यायच्या. वर्षानुवर्षं चाललेलं, त्यात काही विशेष आहे असं कुणाला वाटायचं नाही.

त्या दुष्काळात डब्यातून आधी भाजी गेली. मग वरण गेलं. मग भाकऱ्याच कमी झाल्या, आणि चटणी तेवढी राहिली. काही पोरींचे डबे एक दिवसाआड यायला लागले. वर्गात एक पोरगी चक्कर येऊन पडली, आणि मॅडमचा जीव टांगणीला लागला तो तिथून.

संक्रांत झाल्यावर प्राचार्य हणमंतरावांनी आम्हाला दोघांना केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण संस्थेवाल्यांचा फोन आला की त्यांचा आवाजच बदलायचा.

"पोरींचं वसतिगृह जूनपर्यंत बंद करायचं म्हणतात," ते म्हणाले. "टँकर पुरत नाही, जेवायचे हाल आहेत. उद्या काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण? परीक्षेपुरत्या येतील पोरी घरून."

"नाही येणार सर," मॅडम म्हणाल्या.

"का नाही येणार?"

"घरी गेल्या की लग्नं होतील. दुष्काळात लोक पाणी असलेलं घर बघतात आणि पोरगी देऊन टाकतात. आमच्याकडं बहात्तरच्या साली असंच झालं. माझ्या वर्गातल्या घरी गेलेल्या पोरी परत आल्याच नाहीत."

प्राचार्य टेबलावरच्या काचेकडं बघत बसले. मग म्हणाले, "बरं, एक करा. ते जुनं विद्यार्थी मंडळ मी बरखास्त करतो." जुनं मंडळ म्हणजे संस्थेवाल्यांचे भाचे-पुतणे. पाहुण्यांना हार घालायचे आणि गॅदरिंगला ऑर्केस्ट्रा कुणाचा यावरून मारामाऱ्या करायच्या, एवढंच त्यांचं काम. "नवीन विद्यार्थी सेवा मंडळ उभं करा. पाणी, जेवण, दुखणंखुपणं, सगळं त्यांनी बघायचं. सोमवारपासून दिसलं पाहिजे. पण सांगून ठेवतो मॅडम, एका पालकाची जरी तक्रार माझ्याकडं आली ना, त्याच दिवशी कुलूप. मग मला काही म्हणू नका."

बाहेर आलो तर मॅडम पदराचं टोक बोटाला गुंडाळून राहिलेल्या. "सर, जमेल का हो आपल्याला?"

"न जमायला काय झालं?" मी जोरात म्हणालो. मला खात्री नसली की माझा आवाज चढतो.

माझं म्हणणं होतं, नोटीस लावा, नावं मागवा, मतं घ्या. मॅडम म्हणाल्या, "मतं घेतली तर तेच भाचे-पुतणे निवडून येतील." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन गेल्या एस.टी. स्टँडवर. म्हणाल्या, नुसतं उभं राहून बघा. मी बघून राहिलो. धूळ, गर्दी, पाण्याच्या कळशा घेऊन चढणारी माणसं. माझं डोकं तापायला लागलं, तेवढ्यात अहमदपूरची गाडी आली.

"ओ कंडक्टर! डब्यांवर गठुडं कुणी ठेवलं? भाकरीचा पार भुगा झाला की वो! तुमच्या डब्यावर ठिवलं असतं तर चाललं असतं का?"

एक किडकिडीत पोरगी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची, कंडक्टरला फैलावर घेत होती. पारू तिचं नाव. अहमदपूर रस्त्यावरच्या एका खेड्यातल्या केरबाची लेक. अहमदपूर गाडीचे सगळ्या पोरींचे डबे तीच उतरवून घ्यायची. एकेक डबा हातात घेऊन वजन बघायची. हलका लागला की आपल्या डब्यातली अर्धी भाकरी काढून त्यात सारायची आणि फडकं परत बांधून टाकायची, काही बोलायची नाही. ज्या पोरीचा डबा तिला पत्तासुद्धा लागत नसेल.

"ही," मॅडम म्हणाल्या.

मग आमचं डोकं चाललं. प्रत्येक गाडीवर असं एक माणूस असतंच, पोरगी नाहीतर पोरगा, ज्याला त्या रस्त्यावरची सगळी घरं ठाऊक असतात आणि ज्याचं सगळे ऐकतात. तेच मंडळात घ्यायचे. उदगीर गाडीचा सिद्धराम मिळाला, सायकलवर टँकरच्या मागं फिरायला उपयोगाचा. औसा गाडीची एक, निलंगा गाडीचा एक, असं गाडीवार मंडळ ठरलं. प्राचार्यांनी नावं बघितली आणि म्हणाले, "हे मंडळ आहे का एस.टी.चं वेळापत्रक?" पण सही केली.

रविवारी वसतिगृहाच्या अंगणात पहिली बैठक झाली. अध्यक्ष पारू. तिनं तोंडावर हात घेतला. "म्या अध्यक्ष? माझा बा ऐकल तर म्हनंल, पोरगी आता भाषन ठोकती का काय!" सगळे हसले. मग ती मॅडमकडं सरकून हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, आर्धापूरचं स्थळ आलंय. केळीचा बाग हाय त्यांचा, हिरीला पानी हाय. माय म्हनती पोर पान्याला लागंल. बा म्हनतो, असलं स्थळ हातचं जाऊ द्यायचं न्हाई."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मला परीक्षा द्यायचीय. येकदा घरी गेले की झालं माझं."

वसतिगृहाला कुलूप लागलं तर काय होणार हे आता नावागावासकट त्यांच्यासमोर बसलं होतं. "तू घरी जाणार नाहीस," त्या म्हणाल्या. असं ठाम बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं, आणि मला जरा भीतीच वाटली.

पोरांनी कामं वाटून घेतली. सिद्धरामनं टँकरवाल्याला धरून वेळ बांधून घेतली. मार्केट यार्डातल्या अडत्यांकडं मी स्वतः गेलो, माझ्या तालमीतली दोन पोरं घेऊन, आणि ज्वारीची पोती मिळवली. त्या पोरांकडं बघून दिली का दया येऊन, ते मला ठाऊक नाही. रांधायला गल्लीतलीच कोंडाबाई ठरली. राहिली ताटं. ताटं नव्हती, आणि असती तरी धुवायला पाणी कुठलं?

"ज्याचा त्याचा डबा आहे की," मॅडम म्हणाल्या. "उद्या सकाळी डबे आले की ते ठेवून घ्यायचे. त्यातच जेवायचं, राखेनं पुसायचं, आपल्याजवळच ठेवायचं."

पोरींनी एकमेकींकडं बघितलं. पारू म्हणाली, "घरी कळवाय पायजे पर."

"कार्ड टाकू उद्या सगळ्यांच्या घरी. मेस सुरू झाली, डबा पाठवू नका म्हणून."

"हाव, मग ठीक हाय."

मलाही ते एकदम झकास वाटलं. मी लातुरातलाच, माझी माय मला वरच्या आळीतून हाक मारून जेवायला बोलवायची. मला काय कळणार?

सोमवारी मेस सुरू झाली. अंगणात एकच पंगत, सगळ्या जातीच्या पोरी मांडीला मांडी लावून. ते दिवस असे होते की नामांतराच्या वेळचं जळालेलं लोक विसरले नव्हते, आणि सोनकांबळे आडनावाची बाई वाढतेय म्हणून कुणी बाप दारात उभा राहतो का, या धास्तीनं मॅडम वाढता वाढता गल्लीच्या तोंडाकडं बघून राहिलेल्या. कुणी आलं नाही. प्राचार्य तेवढे आले, उभ्याउभ्याच ठेच्याबरोबर अर्धी भाकरी खाल्ली आणि "छान, छान" म्हणून गेले. संध्याकाळी पोरींनी डबे राखेनं पुसून खोलीत लावून ठेवले. माझी छाती फुगली होती. "मॅडम, आज तरी सुखानं झोपा," मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "मागच्या दाराची कडी बघता का जरा जाताना?"

मंगळवारी सकाळी मी ग्राउंडवर पोरं पळवून राहिलो होतो. सिद्धराम सायकल आपटून धावत आला. "सर, लवकर चला. गाड्या भरून मानसं उतरलेत. आपल्या पोरींची मानसं. बाया रडून राहिल्यात, सर!"

पळतच वसतिगृहावर गेलो. गल्ली माणसांनी भरलेली. औसा रस्त्याची एक नागुबाई भर गल्लीत बसून ऊर बडवत होती. "कुटं हाय माझी पोर? दाखवा मला! जित्ती हाय का मेली?" वरून पोरी धावत आल्या. आया त्यांची तोंडं, हात, पाठ चाचपून बघायला लागल्या. नागुबाईची लेक समोर येऊन उभी राहिली तरी तिला खरं वाटेना.

"अहो झालंय काय?" मी ओरडलो.

"काय झालं इचारता मास्तर?" नागुबाई माझ्यावरच उसळली. "सांच्याला गाडी आली, डबा न्हाई. कंडक्टर म्हनला, आज कुनाचाच डबा न्हाई. कुनाचाच न्हाई म्हनल्यावर आमी काय समजावं? येक म्हनला टँकरच्या पान्यानं पटकी लागली, समद्या पोरी दवाखान्यात हायत. रातभर डोळ्याला डोळा न्हाई आमच्या. पयल्या गाडीनं आलाव."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रिकामा डबा परत आला म्हणजे पोर जेवली, पोर धड आहे, एवढी खबर रोज संध्याकाळी त्या गाडीनं घरी जायची. ती आम्ही एका झटक्यात बंद केली होती, सगळ्या रस्त्यांवर, सगळ्या गावांत, एकाच संध्याकाळी. आणि आमची कार्डं अजून पोस्टाच्या थैलीत पडलेली!

मॅडम पायरीवर उभ्या होत्या. मी जवळ गेलो तर मला म्हणाल्या, "सर, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मला कधी डबा आलाच नव्हता ना."



त्या पायऱ्या उतरून खाली गेल्या, बायांच्या मधोमध. "चूक माझी आहे," म्हणाल्या. "पोरींची नाही, मंडळाची नाही. डबे मी ठेवून घ्यायला लावले. तुमच्या जिवाला घोर लागेल हे मला कळायला पाहिजे होतं."

नागुबाईनं त्यांच्याकडं नीट बघितलं. "तुला लेकरू न्हाई काय, बाई?"

"नाही."

"माय हाय का?"

"आहे. किनवटकडं."

"मग तिला तरी इचारायचं व्हतं."

मागून एक फेटेवाला बोलला, "आनि समद्या पोरी एकाच पंगतीला जेवल्या म्हनं. रांधतंय कोन हितं?"

हाच तो प्रश्न. मॅडमनी उत्तर सरळ दिलं. "कोंडाबाई रांधते. मी वाढते."

नागुबाईनं नाक पुसलं आणि त्या फेटेवाल्यावरच डाफरली, "पोर जित्ती सापडली ते बघ की आदी! मोठा आला पंगती इचारनारा!" काही बाया हसल्या. तो बाप्या मागं सरकला.

आणि नेमकी तेव्हाच प्राचार्यांची स्कूटर गल्लीत वळली. एका पालकाची तक्रार म्हणाले होते, इथं तर सगळी गल्ली भरून पालक! स्कूटर लावून ते मधे आले. "काय प्रकार आहे हा? कुणाची काय तक्रार आहे?"

पुढंच केरबा उभा होता, पारूचा बाप, तिचं मनगट हातात घट्ट धरलेलं. उंच, काळा, रात्रभर जागलेले लाल डोळे. सगळ्यांत जास्त चिडलेला माणूस तोच, आणि पोरगी घरी न्यायला त्याला निमित्तच हवं होतं. एक शब्द बोलला असता तर संपलं होतं.

केरबानं प्राचार्यांकडं बघितलं, मग मॅडमकडं. "तक्रार न्हाई सायेब," तो म्हणाला. "पोरीस्नी भेटाय आलाव."

"हाव, भेटाय," नागुबाई म्हणाली. मग चारीकडून हाव, हाव झालं.

"सगळे एकाच दिवशी?"

"नव्या मंडळानं पालकभेट ठेवली होती, सर," मी ठोकून दिलं.

प्राचार्यांनी माझ्याकडं असं बघितलं की त्यांना सगळं कळलंय हे मला कळावं. मग स्कूटरला किक मारली. "पुढच्या वेळी आधी सांगत जा," म्हणाले आणि गेले. वसतिगृह वाचलं. माझा जीव भांड्यात पडला, आणि वळून बघतो तर मॅडमचा अजून तिथंच अडकलेला, केरबाच्या मुठीत.

"बाई," केरबा म्हणाला, "पारूला मी घिऊन चाललो. तिच्या मायनं रातच्यापासून पानी घोटलं न्हाई. पोर डोळ्यांनी बघितल्याबिगर जेवनार न्हाई ती."

"परत आणून सोडाल ना?"

"बघू," तो म्हणाला.

कंडक्टरला फैलावर घेणारी पारू, मान खाली. जाता जाता मॅडमच्या कानाशी म्हणाली, "आर्धापूरचे पाव्हने बिस्तरवारी येनार हायत." आणि गेली.

"मॅडम, अडवा की त्याला!" मी म्हणालो.

"कशानं अडवू, सर? बाप आहे. आणि आत्ताच त्यानं आपल्याला सगळ्यांना वाचवलं."

मंडळ चाललं. डब्यांचं ठरलं: रोज संध्याकाळी रिकामे का होईना, डबे गाडीनं घरी जाणार आणि सकाळी परत येणार, त्यात माय जे घालील ते घालील. जेवायला पळसाच्या पत्रावळी. त्या लावायला मॅडमनीच शिकवल्या, किनवटच्या हाताची सफाई होती ती. संध्याकाळी डबे गाडीत ठेवायला त्या स्वतः जायच्या. आणि सकाळी अहमदपूर गाडीला उभ्या राहायच्या. सगळी माणसं उतरली, टपावरचं सामान उतरलं, तरी गाडीकडं बघत.

बिस्तरवार, म्हणजे गुरुवार, आला आणि गेला. शुक्रवारी गाडीतून दुसऱ्या पोरींचे डबे आले, पारूची काही खबर नाही. कंडक्टरला विचारलं तर म्हणाला, "फाट्यावर कुणी दिसलं न्हाई." कोंडाबाई माझ्याकडं कुरकुरली, "मॅडम समद्यास्नी वाढत्यात आन् पत्रावळ तशीच उचलत्यात. तुमी तरी बोला." मी बोललो. चांगला रागावून बोललो. "तुम्ही उपाशी राहून ती येणार आहे का? उद्या तुम्ही पडलात तर ह्या बाकीच्या पोरींनी कुणाकडं बघायचं?" मॅडमनी मान हलवली, आणि काही फरक पडला नाही.

शनिवारी मी त्यांच्याबरोबर स्टँडवर बाकड्यावर बसलो होतो. गाडीला उशीर होता. त्या अचानक म्हणाल्या, "सर, माय मला किनवटला सोडून परत जायची ना, तेव्हा मागं वळून बघायची नाही. एकदाही नाही. मला वाटायचं, तिला काही वाटतच नसेल. घरी जाऊन जेवत असेल, झोपत असेल." मग म्हणाल्या, "तिला जेवण जात असेल का हो, तेव्हा?"

"असं काय विचारता मॅडम," मी म्हणालो, आणि उगाच उठून चौकशीच्या खिडकीवर गाडीचं विचारायला गेलो. ती गाडीही पारूला न घेताच आली.

रविवारी त्या सकाळपासून स्टँडवर होत्या. सकाळची गाडी गेली, तरी उठल्या नाहीत. मी घरी जेवून, भर उन्हात परत गेलो, म्हटलं आता हाताला धरूनच उठवायचं. तेवढ्यात दुपारची अहमदपूर गाडी आत शिरली, आणि थांबायच्या आधीच आतून आवाज आला.

"ओ कंडक्टर, माय उतरून राहिलीय, घंटी काय वाजवता! दम काढा की जरा!"

मॅडम उठल्या आणि परत खाली बसल्या. पारू उतरली. गालावर वळ उठलेला, पण डोळे तेच. तिच्या मागून एक बारीकशी बाई, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरीचं गाठोडं. तिची माय, धोंडाबाई.

"पाव्हने आले व्हते मॅडम," पारू धापा टाकत सांगायला लागली. "म्या च्या घिऊन गेले आन् समद्यांच्या म्होरं सांगितलं, परीक्षा झाल्याबिगर न्हाई. बानं लई मारलं. पाव्हने गेले तरी घराभाईर पडू दिलं न्हाई. मग माय मधी पडली. म्हनली, म्या सोडून येते, बघू कोन आडवतंय."

धोंडाबाईनं लेकीला बाजूला केलं. "परीक्षेपस्तोर तुमच्या हवाली करते, बाई. फुडचं फुडं बघू." एवढं बोलून ती मॅडमच्या तोंडाकडं बघत राहिली. आत गेलेले डोळे, सुकलेले ओठ. तिला कुणी काही सांगावं लागलं नाही. "बाई," ती हळू म्हणाली, "तुमी जेवला न्हाईत व्हय?"

मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो. दुखत असलं तरी "काही नाही" म्हणणारा माणूस तो. मला वाटलं, आता म्हणतील, जेवले की.

"नाही," सिंधु मॅडम म्हणाल्या. "पारू आली नव्हती ना." आणि भर स्टँडात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या समोर, लहान पोरीसारख्या हुंदके देऊन रडायला लागल्या.

धोंडाबाईनं गाठोडं बाकड्यावर ठेवलं आणि त्यांच्या शेजारी बसून गाठ सोडायला लागली.